विहिरीची वही: भूजलाचा अभ्यास पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

मे महिन्यात कुठल्याही कोरडवाहू गावात जाऊन विचारा, "विहिरीला पाणी किती?" उत्तर मीटरमध्ये येत नाही. "मोटार अर्धा तास चालते, मग हवा घेते." "दोन परस असेल." "तळाला नुसती खरवड आहे." तिन्ही उत्तरं खरी असतात, आणि तिन्हींत मोजमापही असतं. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. मोटार किती वेळ चालते हा तर उपशाचा रोकडा हिशोब. अडचण एवढीच की हे कुणी लिहून ठेवत नाही. मग पुढच्या मे महिन्यात "गेल्या साली असं नव्हतं" यावर पारावर वाद होतो आणि ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो.

हा लेख त्या न लिहिलेल्या आकड्यांसाठी आहे. भूगोल, भूशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्राच्या पदवीला असाल, गावात शिक्षक असाल, किंवा नुसतेच स्वतःच्या विहिरीच्या काळजीत असाल, तरी चालेल. सामान म्हणाल तर तीस मीटरची टेप, एक जाड पुठ्ठ्याची वही, थोडा ऑइलपेंट. हजार-बाराशे रुपयांत भागतं. महाग गोष्ट एकच, ती म्हणजे अख्खं वर्ष.

प्रश्न आधी, टेप नंतर

"आमच्या गावचं पाणी का आटलं?" हा प्रश्न ग्रामसभेत ठीक आहे, अभ्यासाला नाही. त्यात पाऊस आला, ऊस आला, बोअर आल्या, वाळूउपसा आला, शेजारच्या गावाचा तलाव आला. एका माणसाला एका वर्षात झेपेल असा प्रश्न शोधा. उदाहरणार्थ: ओढ्याच्या वरच्या अंगाच्या विहिरी खालच्या अंगापेक्षा किती आठवडे आधी आटतात? पहिला मोठा पाऊस झाल्यावर विहिरीत पाणी चढायला किती दिवस लागतात? नव्या बंधाऱ्याखालच्या विहिरींना इतर विहिरींपेक्षा जास्त दिवस पाणी राहतं का?

या तिसऱ्या प्रश्नापाशी थोडं थांबू, कारण नवखे लोक इथेच घसरतात. बंधाऱ्याखालच्या पाच विहिरी मोजल्या, पाणी चढलं, बंधारा यशस्वी. पण बंधाऱ्याचा ज्यांच्याशी काही संबंध नाही अशा विहिरींनाही त्या वर्षी तेवढंच पाणी चढलं असेल तर? २०१८ ला पाऊस दगा देऊन गेला आणि ऑक्टोबरात सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. २०१९ ला राज्याच्या पुष्कळ भागात भरपूर पाऊस झाला. २०१९ च्या उन्हाळ्यात खोदलेला कुठलाही चर, कुठलाही बंधारा त्या हिवाळ्यात चमत्कारच वाटला असणार. म्हणून प्रश्नात तुलना हवी. ज्या विहिरींवर परिणाम अपेक्षित आहे तेवढ्याच, ज्यांवर तो अपेक्षित नाही अशा विहिरीही मोजायच्या. लोकांना हे पटवणं जड जातं. "तिकडे काय मोजता, तिकडे तर काही कामच झालं नाही," असं म्हणतात. म्हणूनच तिकडे मोजायचं.

घरी बसून होणारं काम

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा तुमच्या भागाचा स्थलदर्शक नकाशा मिळवा. त्यात एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटरचा फरक. या नकाशावर पेन्सिलीने आपल्या ओढ्याची पाणलोटाची हद्द काढा: डोंगराच्या, टेकाडाच्या माथ्यामाथ्याने जाणारी रेघ, जिच्या अलीकडे पडलेलं पाणी आपल्या ओढ्याला येतं. ही रेघ गावाच्या शिवेशी जवळजवळ कधीच जुळत नाही. ते एकदा डोळ्यांनी दिसलं की "आमचं पाणी" हा शब्द जरा जपून वापरला जातो.

खडकाचा नकाशा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश या संकेतस्थळावर मिळतो, उपग्रहाची चित्रं इस्रोच्या भुवनवर. पाणीपातळीच्या जुन्या नोंदींसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय असतं. राज्यभर त्यांच्या निरीक्षण विहिरी आहेत आणि जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास, अशी वर्षातून चारदा त्यांची मोजणी होते. तुमच्या पाणलोटात अशी एखादी विहीर असली तर ती तुमच्या यादीत पहिली घ्या. तुमची एका वर्षाची वही मग आपोआप कित्येक वर्षांच्या नोंदीला जोडली जाते.

विहिरीची भिंत वाचायची

मला या सगळ्या कामातला सर्वात आवडता भाग हा. विहीर म्हणजे जमिनीत पाडलेली खिडकी. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं की बांधकामाच्या खालची उघडी भिंत दिसते. दुपारी बाराच्या सुमाराला हातात साधा आरसा घेऊन जा आणि उन्हाचा कवडसा विहिरीत पाडा. विजेरीने जे दिसत नाही ते या कवडशात लख्ख दिसतं.

वरून खाली उतरत जा, अर्थातच डोळ्यांनी. आधी माती. मग मुरूम, म्हणजे झिजलेला, भुसभुशीत झालेला खडक. मग बहुतेक ठिकाणी मांजऱ्या: राखट-तांबूस, बारीक भोकाभोकांचा, भोकांत पांढऱ्या-हिरवट खड्यांचे ठिपके. आणि मग काळा पाषाण, जो फोडताना सुरुंगवाल्याने दर दुप्पट सांगितला होता. काही विहिरींत दोन थरांच्या मध्ये विटेसारखा लाल, मातकट पट्टा दिसतो.

महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून जास्त भाग असाच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि एकावर एक थर बसत गेले. प्रत्येक थर निवताना त्यातला वायू वर सरकला, म्हणून थराचा माथा भोकांचा आणि पोट घट्ट. भोकं पुढे खनिजांनी भरली, तोच मांजऱ्या. तो झिजतो, फुटतो आणि पाणी धरतो. काळ्या पाषाणात पाणी असतं ते फक्त भेगांत. भेग नसेल तर तीनशे फूट जा नाहीतर पाचशे, धूळच वर येते. लाल पट्टा मात्र चिकणमातीसारखा वागतो, पाणी खाली जाऊ देत नाही. त्याच्या वरच्या अंगाला भिंत ओली दिसली, शेवाळ दिसलं, तर समजा झरा तिथे आहे.

हे सगळं एका पानावर चित्र काढून लिहा: माती किती फूट, मुरूम किती, मांजऱ्या कुठून कुठपर्यंत, झरे कोणत्या खोलीवर आणि कोणत्या दिशेला. विहिरीचा मालक, आणि जमलं तर ज्या यारीवाल्याने ती खोदली तो, यांना सोबत घ्या. "वीस फुटांवर पूर्वेच्या अंगाने पाणी फुटलं, त्या दिवशी काम बंद ठेवावं लागलं," ही आठवण तीस वर्षांनीही पक्की असते. दहा विहिरींची अशी चित्रं शेजारी शेजारी ठेवलीत की मांजऱ्याचा तोच थर गावभर कसा पसरलाय ते दिसायला लागतं. तो थर तुमचा जलधर. त्यातून दहाही विहिरी पितात.

आता त्या थरात पाणी मावतं किती? भूजलाच्या सरकारी हिशोबात झिजलेल्या, भेगाळ बेसाल्टसाठी, म्हणजे याच लाव्ह्याच्या खडकासाठी, १ ते ३ टक्के धरतात, सर्वसाधारणपणे २. म्हणजे शंभर लिटर खडक रिकामा केला तर दोन लिटर पाणी. म्हणूनच आपल्याकडच्या विहिरी दोन जोरदार पावसांत काठोकाठ येतात आणि फेब्रुवारीत तळ दाखवतात. पाच मीटर पाणी चढलं म्हणून हुरळून जायचं नाही. एक हेक्टर क्षेत्रात पाणीपातळी पाच मीटर चढली तर खडकात साठलेलं पाणी निघतं हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर. तेच पाणी त्या हेक्टरवर पसरलं तर जेमतेम १०० मिलिमीटर उंचीचं होईल.

या टप्प्यावर गावात कुणीतरी पाणाड्याची गोष्ट काढणारच. हातावर नारळ उभा राहिला, कडुनिंबाची काठी वळली वगैरे. वाद घालू नका, तुमचं काम ते नाही. त्याने दाखवलेल्या सगळ्या जागा लिहून घ्या, लागलेल्या आणि न लागलेल्याही. न लागलेल्या जागा कुणाला आठवत नाहीत, म्हणून त्या खोदून विचाराव्या लागतात.

विहिरी निवडताना

पंधरा ते वीस पुरे. माथ्यावरच्या तीन-चार, उताराच्या मधल्या काही, ओढ्याकाठच्या काही. एक तरी अशी की जिच्यावर मोटार नाही, जुना आड, पडीक बारव, काहीही. वापरात नसलेली विहीर म्हणजे सोनं: तिच्यातली पातळी उपशाच्या गोंधळाशिवाय मिळते.

बोअर पहिल्या वर्षी घेऊ नका. तोंड बंद असतं, आत केबल आणि पाइप, टेप सोडली तर अडकते. आणि मुख्य म्हणजे खोल बोअरचं पाणी बहुतेकदा वेगळ्या थरातलं, दाबाखालचं असतं. त्याची पातळी आणि उघड्या विहिरीची पातळी एकाच नकाशावर टाकलीत तर नकाशा दिसायला सुंदर होईल, पण त्याला अर्थ राहणार नाही.

जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर घ्या, तेवढे ठीक असतात. उंची मात्र मोबाइलची घेऊ नका. ती कित्येक मीटर इकडेतिकडे जाते, आणि तुम्हाला जो फरक शोधायचाय तो दोन-तीन मीटरचाच असू शकतो. जवळजवळच्या विहिरींसाठी गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी उत्तम चालते: दोन टोकांचं पाणी एकाच उंचीला राहतं, यापेक्षा खात्रीचं यंत्र नाही. लांबच्या विहिरींसाठी एखाद्या पॉलिटेक्निकचं लेव्हलिंगचं यंत्र एक दिवस मागून आणा.

मोजणी

कठड्यावर एक जागा ठरवा, तिथे लाल ऑइलपेंटने बाण काढा आणि वर्षभर त्याच बाणापासून मोजा. कठड्याची जमिनीपासूनची उंची एकदा मोजून ठेवा. समजा बाणापासून पाणी ११.४० मीटरवर लागलं आणि कठडा ०.८५ मीटर उंच आहे, तर जमिनीपासून पाणी १०.५५ मीटर खोल. वहीत तिन्ही आकडे लिहा, नुसता शेवटचा नको. बाणाचं मी का सांगतोय ते ऐका. माझ्या पहिल्या वर्षी मी "कठड्यावरून" मोजत असे. दिवाळीच्या आधी मालकाने कठड्यावर विटांचे दोन थर चढवले, पोरं वाकतात म्हणून. मला कुणी सांगितलं नाही, मीही बघितलं नाही. डिसेंबरच्या आलेखात त्या एकट्या विहिरीचं पाणी इतरांपेक्षा वीतभर जास्त उतरलेलं दिसत होतं आणि मी त्यावर शेजारच्या नव्या बोअरला दोषी धरून एक पान लिहून मोकळा झालो होतो.

टेपच्या टोकाला खालून पोकळ असलेलं छोटं वजन बांधा, वाटीसारखं. पाण्याला टेकलं की "डुबुक" असा आवाज येतो. दोनदा-तीनदा वरखाली करून नेमका आवाज येतो तो आकडा धरा. वजनाची लांबी टेपमध्ये मिळवायला विसरू नका. लोखंडी टेप असेल तर शेवटच्या मीटरभर भागाला खडू घासा, थोडी पाण्यात बुडवा, वर काढा. बाणाजवळच्या आकड्यातून खडू ओला झालेला भाग वजा करा. दोन वाचनांत दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसरं वाचन घ्या.

वेळ पहाटेची किंवा सकाळची, मोटार सुरू होण्याआधीची. पण शेतीची वीज आठवड्याला पाळी बदलून येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी सहाला गेलात तर विहीर नुकतीच उपसलेली असते. म्हणून विजेचं वेळापत्रक वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. विहीर किमान दहा-बारा तास विसावलेली असावी. नसेल तर आकडा घ्या, पण शेजारी लिहा: "मोटार पहाटे चारपर्यंत चालू."

पंधरा दिवसांतून एकदा मोजा. जून ते ऑक्टोबर दर आठवड्याला. सगळ्या विहिरी एकाच दिवसात, फार तर दोन दिवसांत उरका, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही.

आणि विहिरीत उतरायचं नाही. कितीही उथळ असो, कितीही पायऱ्या असोत, मालक "मी रोज उतरतो" म्हणाला तरी नाही. बंद पडलेल्या विहिरीच्या तळाशी जड वायू साचतो, तो दिसत नाही, त्याला वास असेलच असं नाही. वाचवायला उतरलेली माणसंही दगावतात. बिनकठड्याच्या विहिरीवर पोटावर झोपून वाका, सोबत एकजण असू द्या, आणि आधी कपारीत आग्यामोहोळ आहे का ते बघा. पारवे अंगावर उडाले की दचकून तोल जातो, हे मोहोळापेक्षाही जास्त वेळा घडतं.

वही

रकाने थोडेच ठेवा: तारीख, वेळ, विहीर क्रमांक, बाणापासून पाणी, कठडा, जमिनीपासून पाणी, मोटारीची स्थिती, शेरा. शेऱ्याचा रकाना सर्वात रुंद. "शेजारी कांद्याला पाणी चालू", "ओढा वाहता", "गाळ काढला, आता तळ १४.६". हेच शेरे सहा महिन्यांनी आलेखातल्या विचित्र खड्ड्याचं उत्तर देतात.

विहीर कोरडी पडली तर "०" लिहू नका. शून्य म्हणजे पाणी जमिनीबरोबर, काठोकाठ. "कोरडी, तळ १४.२ मी." असं लिहा. संगणकावर भरतानाही रकाना रिकामा ठेवून शेऱ्यात लिहा. या एका शून्याने सगळ्या गावाची सरासरी पार उलटीपालटी झालेली मी पाहिली आहे.

पेनाने लिहा, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी लिहा. खाडाखोड लपवू नका. आणि दर मोजणीनंतर पानाचा फोटो काढून ठेवा. वह्या पावसात भिजतात, मोटारसायकलवरून पडतात.

पाऊस

तालुक्याचा आकडा तुमच्या शिवाराचा नसतो. वळवाचा पाऊस ओढ्याच्या या अंगाला पडतो, त्या अंगाला नाही. महसूल मंडळनिहाय आकडे महावेध प्रकल्पाच्या स्वयंचलित हवामान केंद्रांमुळे मिळतात, ते घ्याच. पण गावात स्वतःचं पर्जन्यमापकही ठेवा. सपाट तळाची, सरळ उभ्या बाजूंची काचेची बरणी आणि मोजपट्टी एवढ्यावरही सुरुवात होते. झाडापासून, घरापासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, उघड्यावर ठेवा. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला मोजा आणि ओता. २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तर तो पावसाचा दिवस धरतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर चार हजार लिटर पाणी, हे पाठच करून टाका. गावात बोलताना मिलिमीटर कुणाला भावत नाही, टँकर भावतो.

विहीर किती वेळात भरते

वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि मार्चमध्ये, एक छोटी चाचणी करा. मालकाने मोटार बंद केली की त्या क्षणापासून पाणी कसं चढतं ते मोजा: पहिला अर्धा तास दर पाच मिनिटांनी, पुढे पंधरा मिनिटांनी, मग तासाने. गोल विहिरीचा व्यास ६ मीटर असेल तर तिचं तोंड साधारण २८.३ चौरस मीटर. पाणी १० सेंटीमीटर चढलं म्हणजे २,८३० लिटर आत आलं. पहिल्या तासात ३० सेंटीमीटर चढलं तर साडेआठ हजार लिटरच्या आसपास. मालकाला "जलधराची वहनक्षमता" सांगण्यापेक्षा "तुमची विहीर तासाला साडेआठ हजार लिटर देते आणि मोटार पंचवीस हजार ओढते" असं सांगा. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहण्यासारखं असतं.

मार्चमध्ये हीच विहीर हळू भरते. वरचे झरे उघडे पडलेले असतात. तुम्ही भिंतीचं चित्र काढलेलं असेल तर कोणता झरा कधी मेला हेही सांगता येतं.

पाण्याची प्रत

पहिल्या वर्षी इथे फार पसारा मांडू नका. पाण्यातले क्षार किती हे विद्युतवाहकतेवरून कळतं आणि त्याचं पेनाएवढं यंत्र मिळतं. दर मोजणीला एक वाचन घ्या. क्षार अचानक वाढले किंवा पावसानंतर एकदम घटले तर ती मोठी माहिती आहे. पिण्याच्या पाण्याबद्दलचं मत मात्र प्रयोगशाळेवर सोडा. भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आणि फ्लोराइडची १, दुसरा पर्याय नसेल तर १.५. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या वाचकांनी फ्लोराइड तपासल्याशिवाय राहू नये. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यातल्यांना क्षारांबद्दल मी काय सांगणार? नमुन्याची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि झाकणावर नाही, बाटलीवर लिहा. झाकणं बदलतात.

आलेख आणि मोह

वर्ष भरलं. आता आलेख. आडव्या अक्षावर तारीख, उभ्या अक्षावर खोली, पण शून्य वर आणि आकडे खाली वाढत जाणारे. नाहीतर पाणी उतरलं की रेघ वर जाते आणि गावात सगळे उलटंच वाचतात. त्याच कागदावर वरून खाली लोंबणारे पावसाचे खांब काढा. पाऊस आणि पाणी चढणं यांच्यातलं अंतर नुसत्या नजरेला दिसतं. जूनचा सगळा पाऊस जमीन पिऊन टाकते, रेघ हलत नाही, आणि मग जुलैच्या एका आठवड्यात ती उसळते.

नंतर नकाशा. प्रत्येक विहिरीच्या बाणाच्या उंचीतून बाणापासूनची पाण्याची खोली वजा केली की पाण्याची खरी उंची येते. पाण्याची उंची समान असलेल्या विहिरी जोडून रेघा काढा. भूजल या रेघांना काटकोनात, उंचाकडून सखलाकडे वाहतं. क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या मोफत सॉफ्टवेअरवर हे छान होतं. पण पहिला नकाशा हाताने काढाच, कुठे आकडे कमी आहेत ते हाताला कळतं.

पुनर्भरणाचा हिशोब करायचा मोह होईल. करा: क्षेत्र गुणिले पातळीची चढ गुणिले साठवणक्षमतेचा टक्का. मात्र तो टक्का १ आहे की ३, हे तुम्हाला पक्कं माहीत नाही. वरच्या एका हेक्टरच्या उदाहरणात उत्तर ५०० घनमीटरही असू शकतं आणि १,५०० ही. म्हणून एक आकडा देऊ नका, पल्ला द्या. अहवालात "१,०३७ घनमीटर" असं लिहिलेलं दिसलं की मला लगेच संशय येतो.

डोंगराकडे राहणाऱ्यांसाठी

कोकणात, गोव्यात, घाटमाथ्यावर विहिरीपेक्षा झरा महत्त्वाचा. जांभ्याच्या सड्यावरचं, म्हणजे जांभा दगडाच्या उघड्या पठारावरचं, पाणी झपाट्याने आत जातं आणि तितक्याच झपाट्याने कड्याखालच्या झऱ्यातून निघून जातं. पद्धत तीच, टेपऐवजी बादली आणि घड्याळ. १५ लिटरची बादली ५० सेकंदांत भरली तर मिनिटाला १८ लिटर. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच बादलीने.

इथे वहीला एक वेगळं काम आहे. ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. तिन्ही वेळा जुलैचा पाऊस, तिन्ही वेळा वस्तीवर उतरलेला डोंगर. स्वच्छ झरा अचानक गढूळ झाला, कधी नव्हतं तिथे भिंतीच्या बुडातून पाणी फुटलं, शेताच्या बांधाला लांब भेग पडली, विजेचे खांब कलले, तर वही मिटा. त्या वेळी मोजत बसायचं नाही. वस्तीला सांगा, वरच्या अंगाला जाऊ नका, आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करा. निरीक्षण खोटं ठरलं तर हसं होईल, होऊ द्या.

आकडे कुणाचे

विहिरीची खोली हा साधा आकडा नाही. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत, भावाभावांत पाण्याच्या पाळीवरून कोर्टकज्जे आहेत, कर्जप्रकरणं आहेत. म्हणून नकाशावर मालकाचं नाव नको, क्रमांक पुरे. नावांची यादी वेगळ्या कागदावर, घरी. परवानगी मोजण्याआधी घ्या आणि आकडे आधी मालकाला दाखवा, मग इतरांना. पहिले दोन महिने काहीजण खरी खोली सांगणार नाहीत. तुमची टेप सांगतेच, पण ते तोंडावर बोलू नका.

पुढे शिकायचं असेल तर पुण्याची ॲक्वाडॅम ही संस्था भूजलाचं प्रत्यक्ष शेतावरचं प्रशिक्षण देते. अटल भूजल योजना २०१९ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि ती जिथे राबवली त्या महाराष्ट्रातल्या गावांत पाण्याचे ताळेबंद तयार झालेले आहेत, ते बघायला मागा. हिवरे बाजारला तर एकदा जाच. तिथे पावसाच्या आकड्यावरून कोणतं पीक घ्यायचं हे गाव बसून ठरवतं, आणि सिंचनासाठी बोअर घेत नाहीत.

वर्ष संपल्यावर आलेख घेऊन ग्रामसभेत जाल तेव्हा पहिलाच माणूस उठून म्हणेल, "माझ्या विहिरीचा आकडा चुकलाय." आलेखाची बाजू मांडत बसू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, मोटार सुरू व्हायच्या आधी, त्याला घेऊन विहिरीवर जा. लाल बाण दाखवा आणि टेप त्याच्या हातात द्या.